पिशवीतले चेंडू तांबडेच बरे होते

...आणि वर मलाच विचारतात, एवढं दचकायला काय झालं! अहो, मागून मांजरीच्या पावलानं येऊन कोणी कानात कुजबुजलं तर माणूस दचकेल नाही तर काय टाळ्या वाजवेल? आमच्या ग्रंथपाल मॅडम कुजबुजतात. आता ग्रंथालयात सगळेच कुजबुजतात, ते एक वेळ ठीक आहे, पण या बाई कॅन्टीनमध्येही कुजबुजतात, रस्त्यावर उभ्या राहून टॅक्सीलाही कुजबुजत हाक मारतात, मग टॅक्सी थांबत नाही, मग चालत येतात, मग उशीर होतो, मग आमच्यावर चिडतात, आणि तेही कुजबुजत! तर या मॅडमनी सत्राच्या सुरुवातीला मागून येऊन कानात म्हटलं, "अगं, ते मोफत पुस्तकांचं काम तू करशील ना?" मी दचकले, हातातला स्टेपलर माझ्याच पायावर पडला, आणि तोंडातून निघून गेलं, "हो!"

झालं. तुम्हाला सांगते, दचकले की मी 'हो' म्हणते. लहानपणापासूनची खोड. यात माझी चूक नाही असं मी म्हणतच नाहीये, पण माणसानं निदान समोरून येऊन विचारावं की नाही?

काम काय, तर विद्यापीठातल्या प्राध्यापकांना पटवायचं, की बाबांनो, मुलांच्या डोक्यावर महागडी पुस्तकं लादू नका, खुली पुस्तकं लावा. खुलं म्हणजे लिहिणाऱ्यानं सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं. कोणीही वाचा, छापा, हवं तर त्यात भर घाला, सुधारणा सुचवा, कोणी अडवणार नाही. चांगलंच काम आहे हो! मला मनापासून पटतं! म्हणून तर पंचाईत. पटलं नसतं तर मी आरामात केलं असतं.

मग काय, विद्यापीठाच्या मधल्या व्हरांड्यात एक टेबल, टेबलामागे मी, माझ्या छातीवर बिल्ला, 'मला विचारा'. आणि विचारलं हो लोकांनी! स्वच्छतागृह कुठंय, हे विचारलं. एक प्राध्यापक लांबूनच हात हलवत म्हणाले, "नको नको, माझा विमा आहे." एका बाईंनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि संशयानं म्हणाल्या, "मोफत म्हणजे... नक्की विकताय काय?"

पण खरी गोष्ट पुढंच आहे. मी राहते माझ्या आत्याकडे. कॉलेजला आले तेव्हापासून तिच्याचकडे. तिची खोली मला दिली आणि स्वतः पुस्तकांच्या कपाटाशेजारी दिवाण टाकून झोपते. आणि आत्या इथंच, याच विद्यापीठात, संख्याशास्त्र शिकवते. तिचा आवाज असा, की ती वर्गात बोलली की शेजारच्या वर्गातली मुलंही टिपणं घेतात. माइक तिला आवडत नाही. माइकलाही ती आवडत नसावी. आणि या आत्यानं लिहिलेलं पुस्तक पहिल्या वर्षाच्या झाडून सगळ्या मुलांना लागतं, आणि अख्ख्या विद्यापीठात त्याच्याइतकं महाग पुस्तक दुसरं नाही!

आलं लक्षात? नाही, अजून नाही आलं, थांबा.

दर दोन वर्षांनी प्रकाशकांच्या माणसाचा फोन येतो. मऊ आवाज, तुपात बुडवल्यासारखा. "मॅडम, नवी आवृत्ती नाही निघाली तर जुन्याच प्रती हातोहात फिरत राहतात हो... तेवढं उदाहरणांचं बघा ना..." आता आत्यानं बघायचं म्हणजे कोणी बघायचं? संध्याकाळी चहा झाला की जेवणाच्या टेबलावर ती मला बसवते आणि म्हणते, म्हणजे गरजते, "हे बघ बाळ, आकड्यांना हात लावू नकोस! आकडे बदलले की उत्तरं बदलतात, उत्तरं बदलली की मला पुन्हा सोडवत बसावं लागतं! तू नुसते रंग बदल!"

रंग! चेंडूंचे! एका पिशवीत पाच तांबडे आणि सात निळे चेंडू आहेत, न बघता एक काढला तर तो तांबडा असण्याची संभाव्यता किती? हे जुनं. नव्या आवृत्तीत काय, तर पाच हिरवे आणि सात पिवळे! ते मी केलं. आणि मधे कुठंतरी दोन नवी गणितं खुपसायची, म्हणजे पुढचे सगळे क्रमांक सरकतात, बाराव्याचं चौदावं होतं, आणि जुनं पुस्तक वर्गात चालेनासं होतं. तेही मीच केलं. म्हणजे बघा, दिवसभर बिल्ला लावून मी सांगणार, 'आवृत्त्या बदलून मुलांना लुबाडतात हो!' आणि संध्याकाळी घरी जाऊन चेंडू रंगवणार! चोराला म्हणायचं चोरी कर आणि सावाला म्हणायचं जागा राहा, असं म्हणतात ना, इथं चोरही मी, सावही मी, आणि मधे जागीही मीच, कारण झोप कसली लागतेय!

मग सांगून का नाही टाकलंस, असं तुम्ही म्हणाल. कोणाला सांगू? मॅडमना सांगितलं तर काम जाणार. आत्याला सांगितलं तर... अहो, जिनं मला खोली दिली, तिला मी सांगू, की बाई गं, तुझं पुस्तक बंद करायचा पगार मिळतो मला? आत्यानं विचारलं होतं, "ग्रंथालयात तुला काय काम दिलंय?" मी म्हटलं, "पुस्तकांचंच काहीतरी." ती सगळ्या शेजाऱ्यांना अभिमानानं सांगत सुटली, "आमची पोरगी पुस्तकांचं काहीतरी करते!" यात माझी चूक नाही असं मी म्हणतच नाहीये, पण खोटं तरी मी कुठं बोलले?

तशातच एके दिवशी टेबलापाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. स्वच्छतागृह नाही विचारलं! मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. तिच्या हातात आत्याचं पुस्तक, जुनी आवृत्ती, थोरल्या बहिणीचं. बहिणीनं पेन्सिलीनं त्यातच गणितं सोडवलेली, ती सगळी हिनं खोडरबरनं एकेक करून पुसलेली. पानं पार मऊ पडलेली, कापडासारखी. म्हणाली, "मॅडम, चाचणीत मला शून्य मिळालं. आमच्या तुकडीच्या नव्या बाईंनी चेंडूंचं चौदावं गणित सोडवा म्हटलं. माझ्या पुस्तकात चेंडूंचं बारावं आहे, मी तेच सोडवलं. पण माझ्या पिशवीत तांबडे चेंडू, त्यांच्यात हिरवे. बाईंना वाटलं, मी दुसऱ्या कुठल्या तरी वर्गातलं उतरवलं. अजून एकदा असं झालं तर मला अंतिम परीक्षेला बसूच देणार नाहीत."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, की बाळे, ते हिरवे चेंडू माझे. म्हणायला हवं होतं की नाही? मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, "हे पत्रक घे." पत्रक!! आणि तिनं ते घडी घालून नीट दप्तरात ठेवलं हो, आणि वर "थँक्यू मॅडम" म्हणाली! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी ठरवलं, आज घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं. घरी गेले, तर आत्यानं दारातच गाठलं. "तुझा घसा बसलाय! बोलू नकोस! गरम पाणी पी!" नाही बोलले.

मग मॅडमच्या डोक्यात आलं, व्याख्यान ठेवायचं. सभागृहात, सगळ्यांसमोर. बोलणार मी. आणि प्रमुख पाहुण्या? मॅडम माझ्या कानात, "मी कोणाला बोलावलंय ओळख..." मी दचकून, "हो!" "अगं हो काय! संख्याशास्त्राच्या बाईंना! सगळ्यात महाग पुस्तक त्यांचंच. पहिल्या रांगेत बसवू, ऐकू दे त्यांना!" मॅडमना माहीतच नाही की ती माझी आत्या! आणि आत्याला माहीत नाही की व्याख्यान कशावर! तिनं निमंत्रणावर फक्त माझं नाव वाचलं आणि इस्त्रीची साडी काढून ठेवली.

आली. पहिल्या रांगेत बसली. मांडीवर थर्मास. माझ्यासाठी गरम पाणी. मी व्यासपीठावर चढले तर खालून हातवारे, 'ताठ उभी राहा', 'मोठ्यानं बोल'. आता सांगा, या बाईसमोर बोलायचं, की जुन्या-नव्या आवृत्त्यांमध्ये फरक काहीच नसतो, हा नुसता विक्रीचा डाव असतो? मी बोलले. पुस्तकाचं नाव घेतलं नाही, विषयाचं घेतलं नाही, 'एक पुस्तक' म्हटलं, नजर मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर ठेवली. पण पहिल्या रांगेतले हातवारे हळूहळू थांबले, ते डोळ्याच्या कडेनं दिसतंच ना हो.

कोणाला काही विचारायचंय का, असं मॅडमनी माइकवर कुजबुजत विचारलं. सभागृहभर कोणीतरी फुंकर मारल्यासारखं झालं. आणि मागच्या रांगेतून तीच उठली. खोडरबरवाली. मऊ पानांचं पुस्तक छातीशी. म्हणाली, "मॅडम, मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघितली. आकडे तेच, उत्तर तेच. नुसते चेंडूंचे रंग बदललेत! मला तर वाटतं, कोणीतरी घरी बसून चेंडूच रंगवतंय! खरंय ना मॅडम?"

आणि नेमका त्याच क्षणी माइक किंचाळला. क्वीऽऽऽक! मी दचकले. दचकले की मी काय म्हणते?

"हो! मीच!"

अख्खं सभागृह हसलं. त्यांना वाटलं विनोद. तिथंच गप्प राहायचं की नाही? पण एकदा बूच निघाल्यावर बाटली थांबते का? मी म्हटलं, "नाही, खरंच मीच. संध्याकाळी. चहानंतर. हिरवे आणि पिवळे. क्रमांकसुद्धा मीच सरकवले. तुझं शून्य माझं आहे."

मग जे झालं ते विद्यापीठाच्या इतिहासात झालं नसेल. ग्रंथपाल मॅडम ओरडल्या. "काऽऽय?!" छतावरची कबुतरं उडाली. आणि आत्या, जिच्या आवाजानं शेजारचा वर्ग शिकतो, ती उठली आणि इतक्या हळू बोलली की सगळं सभागृह पुढे वाकलं. मागे वळून त्या मुलीला म्हणाली, "उत्तर काय आलं होतं तुझं?"

"बारा छेद... म्हणजे पाच छेद बारा, मॅडम."

"बरोबर आहे की."

"हो मॅडम. फक्त रंग चुकला."

आत्या खाली बसली. थर्मास मांडीवरून बाजूच्या खुर्चीवर ठेवला. मग म्हणाली, "उद्या तुझी उत्तरपत्रिका घेऊन ये. सगळ्यांच्याच आणा. जुनी पुस्तकं असतील ती पण आणा." एवढंच.

घरी जाताना आम्ही एकत्र चाललो. यात माझी चूक नाही असं मी म्हणतच नाहीये, पण त्या दिवशी आत्यानं माझ्यावर ओरडायला हवं होतं, मी अक्षरशः वाट बघत होते, आता ओरडेल, वळणावर ओरडेल, जिन्यात ओरडेल. नाही. टेबलापाशी बसली, थर्मासचं झाकण काढलं, पाणी कपात ओतलं आणि माझ्यापुढे सरकवलं. अजून गरम होतं. म्हणाली, "घसा धरला असेल तुझा." मग जराशानं, "मला सांगायचंस गं. मी काय खाल्लं असतं तुला?" आणि मग आणखी जराशानं, कपाकडे बघत, "रंग बदल असं मीच सांगितलं होतं. तू नुसतीच रंगवत बसलीस."

मला रडू आलं. तिलाही आलं, पण ती म्हणाली वाफेमुळे.

सकाळी मात्र आवाज परतला होता! मऊ आवाजाच्या माणसाला फोनवर म्हणाली, "नवी आवृत्ती निघणार नाही! मी नवंच पुस्तक लिहिणार आहे, खुलं! सगळ्यांसाठी!" एवढ्या मोठ्यानं, की पुस्तकाला वेगळी जाहिरात लागलीच नसती. ग्रंथपाल मॅडमनी मला कामावरून काढलं नाही. उलट सगळीकडे कुजबुजत सांगत फिरल्या, की पहिल्याच वर्षी सगळ्यात महाग पुस्तक आम्ही मोफत केलं. खोडरबरवालीला तिचे गुण मिळाले. सगळ्यांचं भलं झालं हो! मग मी अजून कुरकुरतेय कशाला?

अहो, खुलं पुस्तक म्हणजे काय सांगितलं मी मघाशी? कोणीही सुधारणा सुचवा! आणि लोक सुचवतात! एकानं लिहिलं, 'मला तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, कृपया रंग बदला.' बरोबर आहे बिचाऱ्याचं. बदलले. दुसरीनं लिहिलं, 'निळा आणि जांभळा छापल्यावर सारखेच दिसतात.' बदलले. तिसऱ्या एका कॉलेजातून आलं, 'आमच्याकडे रंगीत छपाई नाही, काळे-पांढरे करा.' आणि खाली सही कोणाची, तर आमच्या खोडरबरवालीच्या थोरल्या बहिणीची! शिकवते म्हणे आता तिकडे! तिला नाही कसं म्हणू?

तर संध्याकाळी चहा झाला की मी त्याच टेबलावर बसते. तीच पिशवी, तेच पाच आणि सात. परवा ठरवलं, आत्याला आज स्पष्ट सांगायचं, हे आता मला जमणार नाही. तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या गरजली, "बाळ, आयुष्यभर तूच बघशील ना गं हे चेंडूंचं?"

आणि मी दचकले.