राक्षसीण आणि आमचे दाजी

नाही नाही, सिनेमाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, सिनेमा झकास आहे, तुम्ही जरूर बघा, माझी तक्रार आहे ती सिनेमानंतर जे सुरू झालंय त्याबद्दल... तुम्हाला सांगतो, आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, विजेची कामं करतात, मी त्यांच्याच हाताखाली, माणूस सोन्यासारखा, अंगाने कपाटाएवढा, आणि आवाज? आवाज असा, की फोनवर लोक म्हणायचे, "बाई, जरा साहेबांना द्या." म्हणून दाजींनी एक जाड आवाज कमावला होता, पार पोटातून ओढून काढायचे, घसा दुखायचा, मग बोलायचे ते किती? "हं." "बघू." "झालं." संपला दिवस! ताईसमोर तर लग्न ठरल्यापासून तोच आवाज. मला खरं ठाऊक होतं, पण मी काय बोलणार? मी पडलो मेहुणा.

तर एकदा आम्ही गेलो एका रेकॉर्डिंग स्टुडिओत, वायरिंग बदलायला. तिथे परीकथेचं कार्टून चाललेलं. राजकन्येला शाप मिळतो, तिची होते डोंगराएवढी राक्षसीण, सुळे काय, शिंगं काय, फक्त आवाज तेवढा बारीक राहतो, आणि त्या लाजेपायी ती तोंडच उघडत नाही! त्या आवाजासाठी दिग्दर्शकबाईंनी किती जणी ऐकल्या, एक पसंत पडेल तर शपथ. आणि नेमकं तेव्हाच तिथल्या जाडजूड दारात दाजींचं बोट चेमटलं.

"आई गंऽऽ!"

बाई धावत बाहेर, म्हणतात, कोण ओरडली? मी बघतोय दाजींकडे, दाजी बघतायत छताकडे! पुढे बाईंनी गळ घातली, आणि दाजी नको-नको, नाही-नाही करत राक्षसिणीचा आवाज द्यायला तयार झाले एकदाचे, पण नाव लावायचं नाही, घरी कळू द्यायचं नाही. ताई विचारायची, हल्ली कामं फार लांबतात रे? मी काय बोलणार? मी पडलो मेहुणा.

सिनेमा लागला, भाचीने हट्ट धरला, निघाली सगळी वरात. राक्षसीण पहिल्यांदा बोलली मात्र, थिएटरभर खसखस पिकली, आणि शेजारी दाजी खुर्चीत असे खाली घसरले की मला वाटलं, आता समोरच्या रांगेतून निघतात! पण शेवटी चेटकीण येते, म्हणते, ये, तुझ्या देहाला शोभेल असा गडगडाटी आवाज देते तुला... आणि ती एवढी थोरली राक्षसीण म्हणते, "नको. मी अशीच बोलते."

कुणी हसलं नाही हो. मागे कुणीतरी नाक ओढलं. आणि त्या शांततेत आमची भाची म्हणाली, "बाबा झोपेत असेच बोलतात."

दाजींनी पोटातून ओढलं, "काहीतरीच काय..."

ताई म्हणाली, "अहो, पुरे आता. घसा बसेल."

मग दाजींनी विचारलं, अगदी बारीक, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, "कधीपासून माहीत होतं?"

"लग्न झाल्यावर लगेचच. दुपारी जेवून झोपला होतात, झोपेत पाणी मागत होतात. मी आणून दिलं, तुम्ही प्यायलात आणि पुन्हा घोरायला लागलात."

दाजी रडले. मीही रडलो, उगाच कशाला खोटं बोलू? म्हटलं, चला, माणूस मोकळा झाला.

झाला ना! असा मोकळा झाला की तेव्हापासून तोंड मिटलेलं नाही! इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर येतंय, लहानपणीचे मास्तर, फ्यूज, शेजारी, डास, आयुष्य... गिऱ्हाइकं आता मुद्दाम बोलावतात, बल्ब बदलायला, आणि म्हणतात, ते राक्षसिणीचं एकदा होऊन जाऊ द्या! ताईला म्हटलं, जरा आवर त्यांना, तर म्हणते, बोलू दे रे, मला गोड वाटतं. तिला वाटेलच, ती घरी असते! दिवसभर खाली उभा मी, वर त्यांची अखंड सनई, आणि कानात बोटं घालावीत म्हटलं, तर दोन्ही हातांनी शिडी धरलेली.