चंद्रभागा मॅडमचे तास

हॅलो? … हां, बोला चंद्रभागा मॅडम… मोहिनीच बोलतेय… नाही नाही, कामात कसली. डिपार्टमेंटलाच बसलेय. बोला.

… हो… हो… टाइमटेबल ना? लागलं की सकाळीच बोर्डावर… तुमचं नाव? … अहो, ऐका ना… ऐकून तर घ्या… नाहीये. या वर्षी नाहीये तुमचं नाव.

… रडू नका हो. मी काय माझ्या मनाने केलंय? प्राचार्यांनी ठरवलं. मी फक्त नावं दिली.

… कशामुळे म्हणजे? शनिवारच्या कार्यशाळेमुळे! जिल्ह्यातले अकाउंट्सचे सगळे शिक्षक बसलेले, आणि तुम्ही माइक घेऊन… बरं, मी दिला माइक. पण तोंड तर तुमचं होतं ना?

… हो, पण प्रश्न काय होता? कार्यशाळा घेणाऱ्या त्या ललित सरांनी स्क्रीनवर हिशेब दाखवला. सातपूरच्या एका कारखान्याचा, कॉम्प्युटरने आपोआप केलेला. यात चूक आहे का, एवढंच विचारलं. तुम्ही काय म्हणालात? … म्हणा ना पुन्हा… 'दोन्ही बाजू जुळल्यात, म्हणजे बरोबर आहे.' वर हसलात पण! … मॅडम, नवं मशीन घेतलं ते दुरुस्तीच्या खर्चात टाकलं होतं. नफा उगाच कमी दिसत होता. बाजू जुळणारच की! आणि हेच तुम्ही एफवायला दरवर्षी शिकवता. फळ्यावर दिसतं, समोर आलं की दिसत नाही.

… घाईत? घाई कसली होती, जेवणाची?

… मी? … हो, उत्तर लिहायला कागद दिले होते त्यावर मीही 'बरोबर'च लिहिलं होतं. सगळ्यांनीच लिहिलं होतं. पण आम्ही गप्प बसलो. एवढं कळायला हवं ना माणसाला, या वयात.

… तुमचे तास वेदिकाला दिलेत… हो, तुमचीच विद्यार्थिनी. मग तुम्हाला तर आनंद व्हायला हवा… इथेच आहे, समोर. ऐकतेय सगळं… नाही, तिला नाही देत फोन. उगाच अवघडेल बिचारी.

… माहितीये हो. सायखेड्याहून एसटीने यायचात. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही आलात… पण त्याचा आता उपयोग काय, सांगा? वेळेवर हजर राहायला कॉम्प्युटरही असतोच की.

… दुसऱ्या कॉलेजात? बघा विचारून. पण तुम्ही माइकवर बोललात त्याचा व्हिडिओ सगळीकडे गेलाय हो. ओझरला, सिन्नरला… मी नाही पाठवला! मी फक्त आपल्या ग्रुपवर टाकला.

… बरं, बरं… ते राहू द्या. माझंच एक काम होतं तुमच्याकडे… अहो, ठेवू नका, ऐका तरी. आता शिकवणंच बदलायचंय. आकडे कॉम्प्युटर मांडणार, पोरांनी त्यावर शंका घ्यायला शिकायचं. वेदिकाचा पहिला तास त्यावरच आहे. त्यात तुमचा व्हिडिओ दाखवायचाय… हो, वर्गातच… दिसतंय ठीक म्हणून मान डोलवायची नाही, आधी पडताळायचं, हे पोरांना चटकन कळेल… चेहरा झाकून? छे! चेहरा दिसल्याशिवाय हसतील कसे? … तुमची संमती लागते फक्त. प्राचार्य म्हणाले, विचारल्याशिवाय दाखवायचा नाही.

… हॅलो? … मॅडम? … ऐकू येतंय का? … हो की नाही, एवढंच सांगा… हॅलो? …

ठेवला वाटतं.

अगं वेदिका, काहीच बोलल्या नाहीत. 'हो' म्हणाल्या असं लिही. आणि खाली सही कर, तुझ्यासमोर विचारलं म्हणून.