आमाची लाडकी

— नाही मॅम, भांडण नाही झालं, अजिबात नाही! एजन्सीवाल्या बाईंनी काय सांगितलं तुम्हाला? ‘मालकिणीनं स्वखुशीनं सोडलं’? मग तेच खरं. मॅम जॉयसनी स्वतःच्या बोटानं फोनवर दुसऱ्या घरी जायची संमती दाबली, माझ्या डोळ्यांदेखत. अशी संमती फार कमी जणींना मिळते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. ती नसली की आमच्यासारखीला एकच वाट — पेटी भरायची आणि विमानात बसायचं. परत पहिल्यापासून सगळं. माझी लेक तिकडे माझ्या देशात, इलोइलोला नर्सिंग शिकतेय, मला कसं परवडेल ते?

तर का सोडलं, हे विचारताय ना तुम्ही? सांगते. घर चांगलं होतं. जेवण पोटभर, झोपायला स्वतःची खोली — छोटी, पण दार होतं तिला. फक्त कुत्र्यांचं जरा जास्त झालं. नाही नाही, घरात कुत्रं नव्हतं! मॅम जॉयसच्या बहिणीचं दुकान होतं, कुत्र्यांना अंघोळी घालायचं. तिच्याकडची मुलगी गेली पळून, मग मॅम म्हणाल्या, ‘पर्लिता, दुपारी जरा जाऊन ये.’ जरा म्हणजे काय, रोजच! आणि माझा परवाना घरकामाचा, त्या घरापुरता. कोणी तपासायला आलं असतं तर? मी विचारलं तसं मॅमना. त्या म्हणतात, ‘सांग, भेटायला आलेय.’ कोणाला, मॅम? त्या पूडलला? बरं, तो पूडलही चावरा. हे बघा, इथे, मनगटाजवळ.

तक्रार करायची होती म्हणता? करता येते की. पण चौकशी संपेपर्यंत कुठल्यातरी निवाऱ्यात बसून राहायचं, पगाराशिवाय — आणि लेकीला काय सांगायचं? म्हणून मी आधी सरळच विचारलं. भांडी पुसता पुसता, हळू आवाजात, ‘मॅम, मला दुसरं घर बघू द्याल का?’ त्यांनी वरही बघितलं नाही. ‘जायचंय? जा की. सर तुला विमानतळावर सोडतील.’ झालं, संपलं बोलणं.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? कामात ढिलाई केली तर त्या मला घरी पाठवणार. चांगलं काम केलं तर कधीच सोडणार नाहीत. दोन्हीकडून दार बंद. मग मी ठरवलं, इतकं चांगलं वागायचं, इतकं चांगलं वागायचं, की त्यांना माझं तोंड बघवेनासं झालं पाहिजे! — हसताय ना? हसा, हसा. कॉफी सांडेल हं.

घरात आमा होती. सरांची आई, मॅम जॉयसची सासू. गुडघे गेलेले, जीभ मात्र तिखट. सुनेशी तिचं कधी जमलंच नाही. मी तिची लाडकी झाले. तिची होक्किएन, म्हणजे तिची चिनी बोली शिकले — शिव्या आधी आल्या, बाकीची मागून. सकाळची भाताची पेज आमा माझ्याच हातची खाणार. पाय माझ्याकडूनच चोळून घेणार. मॅम औषध द्यायला आल्या की तोंड मिटून घेणार, मी गेले की ‘आ’ करणार. शेजारीण आली की मोठ्यानं, ‘सून बघायला गेलो तेव्हा आमची नजर कुठे होती कोण जाणे! हिला बघितलं असतं तर?’ मॅम आत स्वयंपाकघरात, भांडं ठाण्‌कन आपटलं. मी खाली मान घालून फरशी पुसतेय. फरशी स्वच्छच होती, पण हसू लपवायला मान खाली हवी होती ना!

आणि मग चिनी नववर्षाचं जेवण. सगळे नातेवाईक जमलेले, ती कुत्र्यांवाली बहीणसुद्धा. मी मासा घेऊन आले तर आमानं माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातातली जेडची बांगडी काढायला लागली. ‘ही पर्लिताला देणार मी.’ मॅम, टेबलावर कोणाची जेवायची काडी हलेना! मॅम जॉयस लग्नापासून त्या बांगडीची वाट बघत होत्या. त्यांचा चेहरा… जाऊ दे. माझ्या हातात मासा होता म्हणून बरं, नाहीतर मी पळूनच गेले असते.

त्याच संध्याकाळी मॅमनी मला बाल्कनीत बोलावलं. ‘तुला दुसरं घर बघायचं होतं ना? बघ.’ आणि मी — आता मला स्वतःचंच नवल वाटतं — मी रडायला लागले. ‘नको मॅम, आमाला सोडून कुठे जाऊ?’ मी जितकी नको म्हणतेय तितक्या त्या इरेला पेटतायत! सर म्हणाले, ‘मग घरीच पाठवून दे ना तिला.’ तेवढ्यात आमा आतून ओरडली, ‘पाठवा! मीपण जाते तिच्याबरोबर, तिच्या गावी समुद्र आहे!’ सरांनी तो विषयच सोडला. सकाळी उठल्या उठल्या मॅमनी फोन काढला आणि दाबली संमती.

ठरल्यासारखंच झालं सगळं. तो समुद्राचा डावही तिनं आधीच —

काही नाही. काही नाही म्हटलं, मॅम.

बरं, आता सुटलंच तोंडून. कोणाला सांगू नका. डाव माझा नव्हता. माझं डोकं कुठे एवढं चालतं! एक दिवस पाय चोळताना आमाच म्हणाली, ‘तुझ्या हाताला कुत्र्याच्या साबणाचा वास का येतो गं?’ मी सांगितलं. मग म्हणाली, ‘अगं वेडे, वाईट वागून इथून सुटका नाही. तू माझी लाडकी हो. सून किती सहन करील ते मला चांगलं ठाऊक आहे.’ बांगडीसुद्धा तिनंच आधी हाताला साबण लावून सरकती करून ठेवली होती, ऐन वेळी अडकायला नको म्हणून. संमती मिळाली त्याच दुपारी तिनं ती सुनेच्या हातात घातली. मॅम जॉयस रडल्या. म्हातारी आम्हा दोघींना पुरून उरली!

पण मॅम, एक गोष्ट आमच्या डावात नव्हती. लाडकी व्हायचं नाटक करायचं होतं. मला वाटलं, नाटकच चाललंय. निघायच्या दिवशी पेज घेऊन गेले तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, ‘आमा, आता कोणी बघत नाही, खा.’ तर म्हणते, ‘तू जा. मला आता रुसायचंय, बघत थांबू नकोस.’ वाटी तिथेच ठेवून आले. तिला चांगलं कळत होतं हो, डाव जिंकला तर एकटी कोण राहणार ते. माझ्याआधी कळत होतं.

… ऊन फार आहे ना इथे. डोळ्यांत जातं.

हो, आमाला करते ना फोन. नवी मुलगी आलीय, म्यानमारची. आमा तिला शिव्या शिकवतेय.

तर असं आहे. मला स्वयंपाक येतो, म्हाताऱ्या माणसांचं सगळं करता येतं, मुलांना मी आवडते. काय? तुमच्या घरीही असाच काही डाव केला तर? छे! तुमच्याकडून जायचं झालं तर मी सरळ येऊन विचारीन, ‘मॅम, मला दुसरं घर बघू द्याल?’ तुम्ही हो म्हणालात की झालं, नाटक लागतंय कशाला? म्हणाल ना हो?

… मॅम?

बरं. करा विचार. घाई नाही — म्हणजे मला आहे, पण तुम्ही करा. मी बसस्टॉपवर आहे.