अनंताचं भात शाबूत कसं?

हॅलो? … हॅलो? कोण? … हो, अंजनीच बोलतेय. जोरात बोल गं, नुसती खरखर येतेय. … वृंदा? अगं तू होय! धर्मराजशेठनी दुकानातून हाक मारली, "बहिणीचा फोन आलाय, उल्हासनगरवरून," तशी शेणाच्या हातानं धावत आले. सगळं बरंय ना? … मग रडतेस कशाला?

… थांब, आधी नाक पूस. कुठून बोलतेस? … मालकिणीकडून? मग ती ऐकत असेल ना! … मराठी कळत नाही? अगं त्या सिंधीणबाईला सगळं कळतं. हळू बोल.

हां, बोल. … कोण, तुझा नवरा? हिंदुराव? … घरी येत नाहीत? … येतात, पण उजाडताना. … आठवड्यातून दोनदा. बरं. … आल्या आल्या आंघोळ? … नि कपडे स्वतः धुतात? हिंदुराव? ज्यांना आपला टॉवेल सापडत नाही, ते?

… अगं, बाईबिई काही नसेल. … अंगाला फिनेलचा वास येतो? मग तर नक्कीच नाही! बाईकडून आलेल्याला अत्तराचा वास येतो, फिनेलचा कसा येईल? … नाही हसत. शपथ, नाही हसत. बोल तू.

… हो, हो… अगं ऐक ना माझं. मी येऊन समजावलं असतं त्यांना. पण मला इथून हलता येत नाही गं. दाणा भरलाय, दसरा झाला की कापणी. आणि डुकरं नुसती नांगरून टाकतायत. … डुकरं, डुकरं! … रानडुकरं, दुसरी कुठली असणार? वरचं खाचर गेलं, मधलं गेलं. आता ओढ्याकडचं तेवढं राहिलंय. तेही गेलं, तर वर्षभर काय खायचं सांग. घरचा तांदूळ असताना मी कधी रेशनच्या रांगेत उभी राहिले नाही, आता राहीन.

… केलं ना! सगळं केलं. काटेरी कुंपण घातलं, जुनी लुगडी टांगली, कोणीतरी सांगितलं म्हणून न्हाव्याकडचे केस आणून बांधावर टाकले. आमचे हे तर रोज माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतात. हाताला फोड आलेत. आजूबाजूचे सगळेच बडवतात. पण यंदाची डुकरं बहिरी आहेत की काय, कळत नाही. आमच्या सासऱ्यांच्या वेळी एक थाप मारली की डोंगरापार जायची. ही जात नाहीत. उलट जास्तच येतात मेली!

आणि तुला सांगू? शेजारच्या अनंताच्या शेताला तोंडसुद्धा लावत नाहीत. … हो ना! मधे एक बांध फक्त. आमचं मातीत, आणि त्याचं कसं कंबरेइतकं उभं आहे, सोन्यासारखं. … तो कुठली राखण करतोय! आळशांचा राजा. घरी घोरत पडतो. मग शाबूत कसं राहतं गं? … नाही, नाही, उगीच म्हणत नाही मी. बांधावर लिंबू सापडलं मला. कापलेलं. … सरबताचं कसं असेल, बांधावर कोण सरबत करतं? त्याची मावशी वांगणीकडची, तिला सगळं येतं असं म्हणतात. हे परवा गेले विचारायला, तर हमरीतुमरीवर आलं. हे कोयता घेऊन उभे, तो पहार घेऊन उभा. मी मधे पडले म्हणून वाचले दोघं. पण मी सोडणार नाही त्याला. काहीतरी करतोय तो, वृंदे. करतोयच.

… काय म्हणालीस? … काय वाजवला की येतात? … डबा? … कुठे, तुमच्याकडे? … तुमच्या नाल्याच्या गल्लीत. बरं. … हॉटेलवाला उष्टं ओतायच्या आधी डबा वाजवतो. … नि डुकरं धावत येतात. … अगं ती तुमची गटारातली डुकरं. त्यांचं काय घेऊन बसलीस? इथली रानातली, त्यांना डबा म्हणजे…

…

नाही, आहे, आहे. फोन आहे. थांब जरा.

… वृंदे, तुमच्याकडच्या डुकरांचे कान कसे असतात? … लोंबते? … आणि मानेवर केस? उभे, ताठ, आयाळीसारखे? … नसतात. … बॅटरी मारली तर पळतात का? … बघत उभी राहतात. हो. ही पण तशीच उभी राहतात. आमचे हे म्हणाले, केवढं धीट जनावर!

अगं आई गं. ही रानातली नाहीतच.

… म्हणजे अनंता झोपतो, डबाच वाजवत नाही, म्हणून त्याचं शाबूत! आणि आमचे हे रात्रभर माळ्यावर बसून पंगत बोलावतायत. या गं या, पानं वाढलीत! अरे देवा. फोड आले गं हाताला. … तू हसू नकोस आता!

पण एवढ्या लांब आली कशी ती? … चालत? उल्हासनगरहून बारवीच्या डोंगराला? काहीतरीच. … तुमच्या गल्लीतली आहेत ना अजून? … दिसत नाहीत? कधीपासून? … गणपतीपासून. … पकडून नेतात. कोण नेतं? … कोणीतरी ठेकेदार. आणि कुठे नेतात? … बरोबर आहे, तुम्ही कशाला विचाराल! तुमच्या दारातली गेली, बस झालं. मालकीण खूश, गल्ली खूश. आमच्याकडे गणपतीनंतरच सुरू झालंय सगळं.

… अगं हो, पण ऐक ना. वृंदे… मी तुला पाठवलेलं ते. … ते गं! थांब, इथे दुकानात मोठ्यानं नाव घेता येत नाही, फॉरेस्टवाले चहाला येऊन बसतात. … हां, तेच. टोप भरून. कुत्र्यांनी धरलं होतं एक, मग पोरांनी भाल्यानं लोळवलं. आपल्याकडे शिकारीचे वाटे पडतात, तुला माहितेय. कुत्रेवाल्याचा वेगळा, विधवेच्या घरचा वेगळा. आलेला वाटा कोणी परत करत नाही. म्हटलं, तुलाही पाठवावा, माहेरचा म्हणून. … हो. तेच होतं ते. ह्या डुकरांतलंच.

… अगं उलटी नको करू! मालकिणीच्या घरात आहेस! … पाणी पी. … मी काय मुद्दाम पाठवलं का? मी पण खाल्लं ना! सासूबाईंनी तर दोनदा रस्सा मागितला. त्या बनूबाई, दुसऱ्याच्या हातची कोंबडीसुद्धा न खाणाऱ्या! गटारातलं डुक्कर पोटात गेलंय कळलं तर विहिरीत उडी टाकतील. त्याआधी मला ढकलतील. … कोणाला बोलू नकोस. हिंदुरावांना तर मुळीच नको. त्यांनी पण खाल्लं असेल की आवडीनं…

… नाही खाल्लं?

हिंदुरावांनी नाही खाल्लं? वृंदे, माझ्या लग्नात तीनदा उठून वाढून घेणारा माणूस तो! … पोट बिघडलंय म्हणाले. बरं. मग काय खाल्लं? … भाकरी नि लिंबाचं लोणचं. … पोट बिघडलेला माणूस लोणचं खातो?

…

कुठल्या दोन रात्री म्हणालीस? … मंगळवार. … आणि शुक्रवार.

… काही नाही हो, धर्मराजशेठ! बहीणच आहे. घरचंच चाललंय, दुखण्याखुपण्याचं. तुम्ही तोवर पावशेर साखर बांधा ना. … आतल्या पोत्यातली द्या, ही ओली आहे.

… गेले आत. ऐक. आता तू फक्त हो किंवा नाही म्हण. टेम्पो चालवतात ना ते? … अंबरनाथच्या एमआयडीसीतला माल नेतात म्हणाली होतीस. कुठल्या कंपनीचा? … कधी सांगितलंच नाही. … कंपनीचा शर्ट? पास? … काहीच नाही. … परत येऊन टेम्पो धुतात. फिनेलनं. … मग ते अंगाला लागतंच.

इथे एक टेम्पो येतो, वृंदे. धरणाच्या रस्त्यावर, आमच्या वळणाला. लाईट बंद करून. … हो, मंगळवार, शुक्रवार. सगळ्यांना वाटतंय खैर तोडून नेणारे चोर आहेत. पण मी रोज रानात फाटीला, सरपणाला जाते, एक झाड तुटलेलं नाही. तो काही न्यायला येत नाही गं. तो टाकायला येतो.

… अगं मी कशाला उगीच म्हणेन? ह्या वळणावर कोण येतं? रस्ता कोणाला माहितेय? माझ्या लग्नाला टेम्पोतून वऱ्हाड आणलं होतं त्यानं, तेव्हा बघितलाय. माझ्या मांडवात जेवलेला माणूस! माझंच खाचर सापडलं त्याला? कुठेही सोडायची होती, अख्खा डोंगर पडलाय! इथे बहीण राहते बायकोची, एवढंही आठवलं नाही मेल्याला? … हो, बोलले मेला. बोलणार! माझ्या पोराबाळांच्या तोंडचं काढलंय त्यानं!

… रडू नको. तुझ्यावर नाही गं राग. तुला काय माहीत होतं! … काय? … बाई परवडली असती? … हो गं. मलाही तेच वाटलं आत्ता.

पण एक सांग. तू ते खात होतीस, तेव्हा कुठे होता तो? … समोरच. … काही बोलला नाही? खाऊ नको, ठेवून दे, वास येतोय, काहीही? … नाही. … मग काय केलं?

… काय? परत बोल.

… त्यानं वाढलं? … "अजून घे" म्हणाला? … आपल्या हातानं? … तुला?

…

वृंदे. … फोन ठेवू नकोस. … आहेस ना?

हे बघ, ते नंतर. आज शुक्रवार आहे. आधी हे ऐक. आज वळणावर माणसं बसणारेत. खैरवाले म्हणून. कोयते घेऊन, दगडं जमवून. आमचे हे पण. अनंता पण, दोघं एक झालेत त्यापुरते. आणि टेम्पोत लाकडाऐवजी डुकरं निघाली, सगळ्यांची शेतं त्यांनीच खाल्ली हे कळलं, तर कोण कोणाला आवरणार? मी सांगितलं माझा मेव्हणा आहे, तर मलाच विचारतील, तुला कधीपासून माहीत होतं? … तू त्याला घराबाहेर सोडू नकोस आज. पोटात दुखतंय म्हण, चक्कर आली म्हण. … आता कुठाय? … झोपलाय. मग काढ ना खिशातून टेम्पोची चावी! मालकिणीकडे ठेव.

… काय? … "जाऊ दे" म्हणजे?

जाऊ दे म्हणजे काय, वृंदा? … अगं त्याला मारतील गं. खरंच मारतील, नुसतं बडवणार नाहीत. … मला राग नाही का? माझं वर्षाचं भात गेलं! गेलं तर गेलं, मी खाईन रेशनचं. पण नवरा आहे तुझा. … हो, ऐकलं मी. … "अजून घे" म्हणाला, कळलं मला. सारखं तेच काय! … अगं ठेवू नको. ठेवू नको हं! मालकिणीला दे फोन. तिच्याशी मी हिंदीत… वृंदे? … हॅलो? … हॅलो?

…

ठेवला तिनं.

… नाही, धर्मराजशेठ, परत कसा लावू, नंबर कुठे आहे माझ्याकडे? … आता एसटी आहे का हो, बदलापूरला? तिथून उल्हासनगरची लोकल धरीन. … मग जीप? … कोणतीही चालेल. … नाही, घरी जाऊन सांगायला वेळ नाही. आमच्या ह्यांनी विचारलं तर तुम्हीच सांगा… काय सांगाल… सांगा, बहिणीनं जेवायला बोलावलंय.