नवे हातमोजे

बारामतीच्या दवाखान्यात माझा नंबर सतरावा होता. शेजारच्या बाकावर भवानीनगरचे दोघे बसले होते. त्यांचा माणूस आत ऑपरेशनला होता.

"सोपान, तू तितंच व्हतास ना? इंद्रजितचा हात मशिनीत सापडला कसा?"

"पाच फुटी सळई व्हती, तात्या, करंगळीएवढी बारीक. आटे पाडाय लेथ मशिनीला लावली, तर फिरताना मधीच थरथराय लागली."

"मग मधी टेकू लावायचा."

"टेकू हाय की. पण लावायला अर्धा तास जातो. आमी हातानंच धरतो."

"अर्धा तास वाचवला म्हणायचा."

"व्हय. अन् सकाळपासनं हितं बसलोय."

"पण तुमी तर वीस वर्षं धरताय. मग आजच कसं?"

"आज त्यानं हातमोजा घातला व्हता. उघडा हात सुटून येतो, तात्या. मोजा फिरत्या सळईला गुंडाळला, अन् हात त्याच्यामागं गेला."

"हातमोजा? कुणी दिला त्याला?"

"हळू बोला. त्याची आई आली चहा घेऊन."

"घ्या भावजी. सोपान, डॉक्टर काय म्हणलं रं?"

"दोन बोटं ऱ्हातील म्हणत्यात, काकू."

"दोन तरी ऱ्हातील. नको म्हणत व्हता, मीच बळंच घालाय लावले मोजे. नसते घातले तर अख्खा हात गेला असता, न्हाय का?"

तात्या चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिले.

"व्हय, काकू."

"तू बी उघड्या हातानंच काम करतोस. बाजारच्या दिवशी तुला बी एक जोड आणते."

"आणा, काकू."