गव्याच्या खिंडीतली घरगाडी

लाईट गेली म्हणून कुरकुर करू नका. तो कंदील इकडं सरकवा. ए यमे, दाराला पाठ लावून बसू नकोस. ऐका. विजेचीच गोष्ट सांगतो, आणि भुताचीही.

आपला तातोबा वायरमन माहीत आहे ना? गाड्यांच्या बॅटऱ्या बघतो तो. जीप बंद पडू दे, ट्रॅक्टर बंद पडू दे, तातोबा आला की चालू! हात सोन्याचा. पण एक खोड. सामान हाताशी नसलं की म्हणणार, "डायरेक्ट जोडतो. चालतंय की!"

तर हा तातोबा एका रात्री तालुक्याहून निघाला. एकटा. गव्याच्या खिंडीतून. आणि गाडी कुठली? हैबती अण्णांची घरगाडी!

घरगाडी म्हणजे काय, सांगतो. अण्णा एसटीत ड्रायव्हर. जन्मभर लोकांना फिरवलं, बायकोला कुठं नेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना टेम्पो घेतला आणि त्यातच घर केलं. पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची मोटर, पंखा. त्यांच्या बायकोनं, गोदाक्कानं, खिडक्यांना पडदे शिवले. वायरिंग केलं तातोबानं.

आता नीट ऐका, मेख इथंच आहे. अशा गाडीत बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची, एक घराची. मध्ये रिले बसवायचा. इंजिन चालू असलं की दोन्ही भरतात, बंद केलं की रिले दोघींना वेगळं करतो. मग रात्रभर पंखा फिरवा, घराची बॅटरी उतरेल, इंजिनाची शाबूत राहील. पण रिले तातोबाजवळ नव्हता आणि ही दोघं दुसऱ्या दिवशी निघणार होती. त्यानं जाड लाल तार घेतली आणि दोन्ही बॅटऱ्या डायरेक्ट जोडून टाकल्या. सांगणार होता तो. तेवढ्यात गोदाक्का गरम भजी घेऊन आली. म्हणाली, "तातोबा, रातीचा पंखा लावला तर चालंल न्हवं रं?" हा भजी खात खात म्हणतो, "बिनघोर लावा, आक्का."

बिनघोर! पहिल्याच रात्री अण्णांनी खिंडीतल्या वळणावर मुक्काम केला. वैशाखाचा उकाडा. पंखा लावून दोघं झोपली. तीनच्या सुमाराला गोदाक्काच्या छातीत कळ आली. अण्णांनी सेल्फ मारला. कट्. पुन्हा मारला. कट्. दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या! फोनला रेंज नाही. उजाडताना दुधाची गाडी आली, पण तोवर गोदाक्का गेली होती.

अण्णा दिसेल त्याला सांगायचे, "मी पंखा लावला म्हणून ती गेली." तातोबा तिथंच गर्दीत उभा असायचा. खाली मान घालून. त्याला सगळं ठाऊक होतं. पण तोंड काही उघडलं नाही. वर्षभर नाही!

वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी अण्णांचा निरोप, "गाडी तालुक्याच्या गॅरेजात पडून आहे. तिला लई कौतुक होतं गाडीचं. सकाळी दारात पाहिजे. तातोबा, तूच आण." नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

दोन नव्या बॅटऱ्या बसवता बसवता अंधार पडला. वायरिंगचा डबा उघडला तर समोर ती लाल तार. त्याचीच तार, त्याचीच चिकटपट्टी. काढली असती तर गॅरेजवाल्यानं विचारलं असतं, ही कुणी जोडली? तातोबानं गुपचूप झाकण लावलं आणि निघाला. गॅरेजवाला म्हणत होता, सकाळी जा. ऐकलं नाही.

खिंड लागली. मागच्या खोलीत दिवा लागला. आपोआप! याला वाटलं, खटका सैल असेल. उतरून बघतो तर खटका बंद, दिवा चालू. फ्यूज काढला. तरी दिवा चालू! तशीच गाडी पुढं हाकली.

मग मोटर घुरघुरली. पाणी पडायला लागलं. कुणीतरी भांडं विसळतंय, बरं का! मग पंखा. गर्र गर्र गर्र. आणि जसजसा पंखा जोरात, तसतशा पुढच्या लाईट मंद. पिवळ्या... तांबूस... गेल्या! गाडी बंद. कुठं? त्याच वळणावर.

सेल्फ मारला. कट्.

मागून आवाज आला. शांत, नेहमीसारखा. "तातोबा, बघ की रं. कशानं झालं?"

यानं दाराला हिसडा दिला. दार उघडंना. कसाबसा म्हणाला, "टर्मिनल... बॅटरीच्या टर्मिनलवर पावडर धरली असंल, आक्का."

हातातला टॉर्च विझला. काळोख!

"ती तर नवी बॅटरी. मग कशानं?"

"अर्थिंग... अर्थिंग सुटलं असंल."

मोबाईल विझला. "मग कशानं?"

आणि काय दुर्बुद्धी सुचली बघा! म्हणाला, "पंखा... रातभर पंखा लावला ना अण्णांनी."

पंखा थांबला. सगळं थांबलं. तातोबाच्या छातीवर कुणीतरी जातं ठेवावं तसा दाब आला. श्वास आत जाईना. तोंड उघडं, आवाज नाही. अगदी तशीच कळ, तिला आली तशी! कानाशी गार वारा, आणि तोच आवाज, "मग कशानं रं, तातोबा?"

मरतानाही माणूस खोटं बोलू शकतो, पण याच्यानं पुन्हा खोटं बोलवेना. अडकत अडकत म्हणाला, "मी, आक्का. मीच. रिले घातला नाही. तार जोडली. तुम्ही विचारलंत तरी सांगितलं नाही. माझ्यामुळं झालं."

दाब उतरला. कोपऱ्यातला दिवा मिणमिणला, डब्यापुरता. यानं पक्कड घेतली आणि रडत रडत ती लाल तार तोडली. आवाज दारापाशी गेला. "मला काय सांगतोस? मला ठाऊकच हाय. त्यांना सांग."

सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात चालू! मागं न बघता तातोबा गावात आला तेव्हा कोंबडं आरवत होतं.

अण्णा दारातच उभे होते. अंगरखा घामानं चिंब. तातोबानं घरात बघितलं. छताला नुसता हूक. पंखाच नाही. वर्षभर हा म्हातारा उकाड्यात बिनपंख्याचा झोपत होता. तातोबाला तिथंच उभं राहवेना. त्यानं पायांपाशी ती तार ठेवली आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

अण्णांनी तार उचलली. उलटीपालटी करून बघितली. मग आत गेले, माळ्यावरून पंखा काढला, पुसला, तातोबाच्या हातात दिला.

"बसव," म्हणाले. "या खेपंला नीट बसव."

बसवला त्यानं. आणि ऐका, त्यानंतर अण्णा तातोबाशी आजवर बोललेले नाहीत. घरातला पंखा मात्र रोज फिरतो.

तेव्हा पोरांनो, अंधार पडल्यावर गव्याच्या खिंडीतून जाऊ नका. लांबचा रस्ता धरा. तातोबा तर भर दुपारीही जात नाही. ती अजून वळणावर असते म्हणतात, आणि प्रत्येक गाडीला तेच विचारते. तुमच्या पोटात काही दडवलेलं असेल तर ते आधी गावात सांगून मोकळे व्हा. तिथं खोटं चालत नाही.