चौकातलं बिनभुताचं घर

“मिस ऑडेल, या घरात भूत आहे का हो?” मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ म्हटल्यावर डेलियाने तिकीटखिडकीवर विचारलंच.

“नाही गं बाई. अख्ख्या सव्हाना शहरात बिनभुताचं ऐतिहासिक घर आमचंच तेवढं!”

“सांगतेस कशाला, ऑडेल?” आतून घराची व्यवस्था बघणारे म्हातारे पिंकनी करवादले. “समोरच्या घरात तीन भुतं आहेत. तिथली माणसांची रांग बघ!”

“म्हणून मी खोटं बोलू? इथे मेलेला प्रत्येक माणूस समाधानाने मेलाय.”

“तेच तर नडलं! या उन्हाळ्यात माणसं फिरकली नाहीत, तर घराला टाळं लागेल.”

“मग तुम्हीच मरा आणि भूत व्हा.”

“झालो असतो गं, पण या गुडघ्यांनी रोज जिना कोण चढणार?”

डेलिया धावतच घरी पोचली.

“आई, बाबा, माझं ठरलं! सुट्टीभर रोज दहा ते पाच मी भूत होणार आहे!”